मैदानाचे कुंपण आणि घरातली वर्गणी

आमच्या पुंडलिकनगरात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केबलचे पैसे गोळा करणारा माणूस येतो. गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी शेजारच्या काकू त्याच्याशी हुज्जत घालीत ओट्यावर उभ्या होत्या. काकू निवृत्तिवेतनावर राहतात. घरात त्या एकट्या. त्यांचे म्हणणे साधे होते. "मला ते क्रिकेट नको, फुटबॉल नको. माझ्या दोन मालिका, एक कीर्तनाचं चॅनल आणि बातम्या. बाकीचं काढून टाक आणि तेवढे पैसे कमी कर." केबलवाला शांतपणे सांगत होता, "काकू, काढलं तर बिल वाढतं. आहे तसंच राहू द्या."

काढले तर वाढते, हे गणित काकूंना पटेना. मग मला हाक आली. शाळामास्तर म्हटला की गल्लीतली सगळी गणिते त्याच्याच दारी येतात. मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर दोन वेळा बेरीज मांडली. केबलवाला खरे बोलत होता. काकूंना हव्या त्या वाहिन्या सुट्या घेतल्या तर जी रक्कम होई, तिच्याहून कमी रकमेत त्याच वाहिन्या आणि वर खेळांच्या वाहिन्यांचा ढीग, असा सगळा गठ्ठा मिळत होता. नको असलेली वस्तू घेतल्याने हवी असलेली वस्तू स्वस्त पडते, असा हा व्यवहार होता.

ही हुज्जत चालू असता समोरच्या रिक्षावाल्यांचा मुलगा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. तो माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "सर, आमच्याकडं उलटं आहे. आम्हाला नुसतं क्रिकेटचं चॅनल पायजे. बाकी काहीच नको. पण नुसतं एक घ्यायचं म्हटलं तरी अगोदर सगळ्याचं भाडं भरा म्हणतात."

एकाच गल्लीत समोरासमोर दोन घरे. एकाला खेळ नको असून त्याचे पैसे द्यावे लागतात, आणि दुसऱ्याला फक्त खेळ हवा असून तो परवडत नाही. दोघांचीही तक्रार रास्त आणि दोघांचे बिल एकाच माणसाच्या हाती. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. कायद्याची भाषा मला सावकाश वाचावी लागते. तथापि वाचता वाचता ध्यानात आले की हे भांडण दूरचित्रवाणीहून पुष्कळ जुने आहे. ते मैदानाला पहिले कुंपण पडले तेव्हापासूनचे आहे.

मुंबईच्या मैदानांवर १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून १९४६ पर्यंत पंचरंगी सामने रंगत. जिमखान्यांच्या त्या मैदानांवर पैसेवाल्यांसाठी तंबू आणि खुर्च्या असत. बाकीची मुंबई दोरीबाहेर उभी राही किंवा झाडावर चढे. १९३३ च्या डिसेंबरात हिंदुस्थानातला पहिला कसोटी सामना बॉम्बे जिमखान्यावर झाला. पुढे १९३७ साली ब्रेबर्न स्टेडियम उभे राहिले. आता दोरीच्या जागी भिंत आली, आणि भिंत आली म्हणजे दरवाजा आला, दरवाजा आला म्हणजे तिकीट आले. पुढे तर खुद्द तिकिटांच्या वाटणीवरूनच स्टेडियमचे मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात बिनसले. संघटनेने बॅ. शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने थोड्याच अंतरावर आपले वेगळे स्टेडियम बांधले आणि १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिला कसोटी सामना झाला. काही हजार खुर्च्या कोणी वाटायच्या, एवढ्या वादातून एक अख्खे स्टेडियम उभे राहिले! पुढे त्या खुर्च्या कोट्यवधी घरांत पोहोचल्यावर त्यांच्या वाटणीवरून किती कोर्टकचेऱ्या होणार, याची ही नांदीच म्हटली पाहिजे.

पण मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. कुंपणावरून आवाज बाहेर आला. १९३४ च्या सुमारास बॉबी तल्यारखान यांनी मुंबईहून रेडिओवर क्रिकेटचे धावते वर्णन सुरू केले. पुढे बाळ ज. पंडित यांनी ते मराठीत आणले, आणि ज्याला इंग्रजीचा गंध नव्हता असा शेतकरीही बांधावर बसून खेळ ऐकू लागला. माझ्या वडिलांच्या पिढीला हे सुख माहीत आहे. हॉटेलात एक रेडिओ, त्याच्याभोवती पंचवीस माणसे, आणि चहा घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही. रेडिओला त्या काळी परवाना लागे. दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागत. १९८० च्या दशकाच्या मध्याला ती पद्धत बंद झाली. परंतु तो पैसा यंत्राचा होता, कार्यक्रमाचा नव्हता. कीर्तन ऐकणाऱ्याने आणि क्रिकेट ऐकणाऱ्याने सारखीच रक्कम भरायची. काकूंची तक्रार त्या काळी कोणाच्या मनातही आली नसती, कारण ती रक्कम थोडी होती आणि ती घेणारा व्यापारी नव्हता.

मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. आमच्याकडे ते बरेच उशिरा पोहोचले. आज चाळिशीत असलेल्या माझ्यासारख्यांनी लहानपणी एकच वाहिनी पाहिली. तिच्यावर जे लागे ते सर्वांचे. तेव्हाच्या व्यवहारातली एक गंमत आजच्या वाचकाला खोटी वाटेल. सामना दाखविण्याबद्दल दूरदर्शन क्रिकेटच्या आयोजकांना पैसे देत नसे. उलट प्रक्षेपणाच्या खर्चापोटी आयोजकांनीच काही रक्कम भरावी, अशी त्याची मागणी असे. खेळ दाखविणे हा उपकार, तो करणारे सरकार, आणि उपकाराची किंमत आयोजकाने द्यायची!

हे गणित १९९३ साली उलटले. बंगालच्या क्रिकेट संघटनेने हीरो चषकाचे प्रक्षेपणहक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शन आणि सरकार खवळले. यंत्रसामग्री अडविण्यापर्यंत मजल गेली आणि प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात, तेथून दिल्लीला गेले. याच स्पर्धेतला २४ नोव्हेंबरचा उपान्त्य सामना मला आठवतो. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या आणि चेंडू सचिन तेंडुलकरच्या हाती दिला गेला. त्याने तीनच धावा दिल्या. शेजारच्या घरात दाटीवाटीने बसून नाचणाऱ्या आम्हां पोरांना काय ठाऊक, की ज्या चित्रावर आपण नाचतो आहोत त्याचा मालक कोण, याचा खटला चालू आहे!

त्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी होते. निकालाचे सार असे की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, आणि तिचा उपयोग लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे. यातले पहिले आणि तिसरे वाक्य आपण विसरलो आणि मधले तेवढे लक्षात ठेवले, असे मला वाटते. सरकारची मक्तेदारी गेली हे खरे. परंतु सार्वजनिक मालमत्तेवर खासगी मक्तेदारी बसावी, असे त्या निकालाने कुठेही म्हटलेले नाही.

दरम्यान गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबू लागल्या होत्या. आरंभी केबलवाल्याला महिना ठरावीक रक्कम दिली की सारे काही दिसे. मग वाहिन्या सशुल्क झाल्या आणि त्यात खेळाच्या वाहिन्या आघाडीवर होत्या. बिले वाढू लागली तसा लोकांचा ओरडा वाढला, आणि ज्याला जे हवे त्याचेच पैसे त्याने द्यावे, हे तत्त्व प्रथमच कायद्यात आले. २००३ साली हा प्रयोग नीट असा फक्त चेन्नईत झाला. पुढे न्यायालयाने कान धरल्यावर २००६ च्या अखेरीस तो मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या काही भागांत लागू झाला. त्यावेळच्या अटी आज वाचल्या म्हणजे हेवा वाटतो. विनामूल्य वाहिन्यांचा पायाभूत संच ७७ रुपयांना आणि कोणतीही सशुल्क वाहिनी सुटी घेतली तर ५ रुपयांना. खेळाची असो की मालिकांची, पाच रुपये.

परंतु नेमक्या त्याच दिवसांत दुसरी लढाई पेटली होती. २००४ साली आपला संघ पाकिस्तानला गेला तेव्हा हक्क टेन स्पोर्ट्सकडे होते. सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला म्हणून ते सामने दूरदर्शनवर दिसले. २१ जानेवारी २००७ रोजी नागपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध एकदिवसीय सामना झाला. आपण ३३८ धावा केल्या, गांगुली ९८ वर बाद झाला, चंदरपॉलने नाबाद १४९ धावा करून तोंडचे पाणी पळविले आणि आपण अवघ्या १४ धावांनी जिंकलो. एवढा रंगलेला सामना, तोही महाराष्ट्राच्या भूमीवर; पण हक्क निंबस कंपनीकडे होते आणि दूरदर्शनशी तिचे फाटले होते, त्यामुळे ज्याच्या घरी नुसता अँटेना होता त्याला तो थेट दिसला नाही. लोक इतके चिडले की पंधरा दिवसांच्या आत सरकारने वटहुकूम काढला आणि लवकरच त्याचा कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्याचे चित्र हक्कधारकाने प्रसारभारतीला दिलेच पाहिजे आणि जाहिरातींच्या उत्पन्नात हक्कधारकाला ७५ टक्के व प्रसारभारतीला २५ टक्के मिळावेत, असा हा कायदा. मला तो फार शहाणपणाचा वाटतो. त्याने व्यापाऱ्याचा माल लुटला नाही, आणि गरिबाचे दारही बंद केले नाही.

मात्र या दाराला पुढे एक अडसर बसला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की असे मिळालेले चित्र प्रसारभारतीने फक्त आपल्या जमिनीवरील प्रक्षेपकांवरून आणि आपल्या विनामूल्य डिशवरूनच दाखवावे. केबलवाल्यांना आणि खासगी डिशवाल्यांना ते पुढे देता येणार नाही. कायद्याच्या शब्दांकडे पाहता निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु परिणाम पाहा. पुढे २०२२ पर्यंत दूरदर्शनने आपले जुने प्रक्षेपक जवळजवळ सर्व बंद केले. म्हणजे अँटेना गेला. उरली ती दूरदर्शनची विनामूल्य छत्री. जो केबलचे पैसे भरतो त्याला दूरदर्शन दिसते, पण सामन्याच्या वेळी त्यावर सामना दिसत नाही. आणि छत्री लावायची तर पुंडलिकनगरासारख्या दाट वस्तीत, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला घरमालक गच्ची देईल तेव्हा. शिवाय आयपीएल या राष्ट्रीय महत्त्वाच्या यादीत नाहीच.

आता काकूंच्या गणिताकडे येतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मार्च २०१७ मध्ये नवी दरपद्धती आखली. खटले संपून ती फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्यक्षात आली. शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये जाळ्याचे भाडे, कर धरून १५३ रुपये ४० पैसे. त्यावर प्रत्येक सशुल्क वाहिनी सुटी मिळालीच पाहिजे आणि तिची किंमत छापील असली पाहिजे. एखादी वाहिनी गठ्ठ्यात घालायची असेल तर तिची किंमत १९ रुपयांच्या वर नसावी. झाले काय, की मोठ्या खेळवाहिन्यांनी आपली किंमत नेमकी १९ रुपये ठेवली. मर्यादा म्हणून आखलेली रेघ हाच भाव झाला. पाच रुपयांचे एकोणीस झाले, ते असे.

याच आदेशात आणखी एक अट होती: गठ्ठ्यावर १५ टक्क्यांहून अधिक सूट देऊ नये. सगळे मर्म या अटीत होते. परंतु मद्रास उच्च न्यायालयात ती टिकली नाही. मग कंपन्यांनी गठ्ठ्यांवर सत्तर टक्क्यांपर्यंत सूट दिल्याचे खुद्द प्राधिकरणालाच आढळले. २०२० साली त्याने १९ ची मर्यादा १२ वर आणली. त्यावर पुन्हा कोर्ट. मुंबई उच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी हा आदेश एक अट वगळता वैध ठरविला. परंतु एवढे करूनही नोव्हेंबर २०२२ मध्ये प्राधिकरणाने मर्यादा पुन्हा १९ वर नेली आणि गठ्ठ्यावर ४५ टक्क्यांपर्यंत सूट देण्यास मोकळीक दिली.

या ४५ टक्क्यांचा अर्थ शाळकरी गणिताने सांगतो. समजा एका कंपनीच्या सगळ्या वाहिन्यांची सुटी बेरीज १०० रुपये आहे. गठ्ठा ५५ रुपयांना मिळेल. त्यातल्या १९ रुपयांच्या तीनच वाहिन्या तुम्हांला हव्या असतील तर सुट्या घेऊन ५७ रुपये होतील. तीन घेणारा ५७ भरतो आणि सगळ्या घेणारा ५५. कोणता शहाणा सुटे घेईल? काकूंना निवडीचा हक्क कायद्याने मिळाला आहे, पण तो वापरला तर दंड बसतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग गठ्ठे बंदच करा. मीही आरंभी असेच म्हणत होतो. परंतु ज्या अंकात आपण हा लेख वाचत आहात त्या अंकाकडे पाहून माझी जीभ अडखळते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंक हा एक गठ्ठाच आहे. कथा, कविता, लेख, व्यंगचित्रे, राशिभविष्य. कित्येक घरांत पहिल्याने राशिभविष्य उघडले जाते, हे कोणता संपादक जाणत नाही? कविता सुट्या विकायला ठेवल्या तर किती खपतील? भविष्य वाचणाऱ्याच्या पैशावर कवी छापला जातो, आणि एखाद्या रिकाम्या दुपारी भविष्य वाचणारा चुकून कवितेचे पान उलटतो. माझ्यासारख्याची कथाही अशीच कोणाच्या तरी वर्गणीवर छापली गेली आहे. खेळातही तसेच आहे. २०१४ साली कबड्डीची व्यावसायिक स्पर्धा क्रिकेटच्या वाहिन्यांच्या गठ्ठ्यातूनच घरोघर आली. मॅटवर खेळणारा आपल्या मातीतला खेळ देशाने पाहिला. कबड्डीची वाहिनी सुटी विकत घ्या असे त्या वर्षी कोणी म्हटले असते, तर किती जणांनी घेतली असती?

तेव्हा गठ्ठा हा स्वभावतः वाईट नव्हे. पण दिवाळी अंक वर्षातून एकदा येतो आणि नको असेल तर घेऊ नये, याला कोणी दंड करीत नाही. शिवाय त्यातली कविता अंकाची किंमत फुगवीत नाही. खेळाचे तसे नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे नुसते दूरचित्रवाणीचे हक्क २३,५७५ कोटी रुपयांना गेले. सामने ४१०. दर सामन्यास साडेसत्तावन्न कोटी. मोबाईलवरचे हक्क निराळे विकले गेले. हा पैसा जाहिरातींतून निघतो, तसा घरोघरच्या वर्गणीतूनही निघतो, आणि त्यात काकूंचाही वाटा आहे. येथे राशिभविष्य कवितेला पोसत नाही. येथे कीर्तन ऐकणारी काकू लिलावातल्या बोलीला पोसते.

मोबाईलने हा प्रश्न सुटेल असे काहींना वाटले. २०२३ साली आयपीएल मोबाईलवर फुकट दाखविण्यात आली. त्या उन्हाळ्यात समोरचा मुलगा खुशीत होता. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही हक्कधारक कंपन्यांचा व्यवसाय एक झाला आणि २०२५ च्या आयपीएलपासून वर्गणी आली. दोन दुकानदार भांडत होते तोवर गिऱ्हाइकाची चंगळ होती.

इंग्लंडलाही हा धडा मिळाला आहे. २००५ ची अॅशेस मालिका तेथे विनामूल्य वाहिनीवर दिसली आणि देश क्रिकेटवेडा झाला. पुढच्याच वर्षापासून मायदेशातले कसोटी क्रिकेट सशुल्क वाहिनीवर गेले. १४ जुलै २०१९ रोजी इंग्लंडने विश्वचषक जिंकला, तेव्हा तो अंतिम सामना मुद्दाम विनामूल्य वाहिनीलाही द्यावा लागला. आपला संघ जगज्जेता होत असता देशातल्या मुलांनी तो पाहू नये, हे विकणाऱ्यालाही बरे दिसले नाही.

एवढा इतिहास चाळल्यावर माझे मत असे झाले आहे. खेळाच्या वाहिन्या सुट्या विकल्या पाहिजेत, आणि नुसत्या नावाला सुट्या नव्हे; गठ्ठ्याच्या सुटीला अशी मर्यादा हवी की नको ते काढल्यावर बिल खरोखरच उतरेल. १५ टक्क्यांची गेलेली अट पक्क्या कायद्याच्या पायावर पुन्हा आणावी. परंतु एवढ्याने काकूंचा प्रश्न सुटेल, रिक्षावाल्यांच्या मुलाचा सुटणार नाही. गठ्ठा सुटला की खेळवाहिनीची किंमत वाढण्याचा संभव आहे, कारण काकूंचा वाटा मग त्याच्यावर पडेल. म्हणून दुसरी गोष्टही बरोबरच हवी. २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करून राष्ट्रीय महत्त्वाचा सामना दूरदर्शनवर, मग ते दूरदर्शन केबलवरून येवो की खासगी डिशवरून, सर्वांना दिसला पाहिजे. हक्कधारकाचा वाटा त्याला जरूर द्यावा. एकाच गोष्टीवर थांबलो तर एका घराला न्याय आणि समोरच्याला अन्याय होईल.

न्यायमूर्ती सावंत २०२१ साली पुण्यात वारले. त्यांच्या निकालातील लहरींची मालकी अजून तुमची आमची आहे, कागदावर तरी.

काकूंनी अखेर गठ्ठाच ठेवला. स्वस्त पडतो म्हणून. मात्र त्यांनी एक केले. आपला सामना असला की त्या समोरच्या मुलाला हाक मारतात, "ये रे, माझे पैसे जातातच आहेत, तू तरी बघ." तो येतो, त्याच्यामागे आणखी चार येतात. काकू भाजी निवडीत बसतात आणि मधूनच विचारतात, "आपला कोणता?" हीरो चषकाच्या रात्री आम्ही ज्या घरात नाचलो होतो, त्या घराची मला आठवण होते. कायदा जे करू शकला नाही ते एका म्हातारीने आपल्या ओट्यापुरते केले आहे. परंतु सार्वजनिक हक्क शेजारणीच्या मायेवर सोपवून शासनाने स्वस्थ बसावे, हे काही बरे नव्हे.